मार्च २०२४ मधली रेटिंगची उडी: खुलासा

‘महिन्याभरात रेटिंग १२०० वरून १५२०!’ अशी बुद्धिबळातल्या बालखेळाडूंच्या प्रगतीची उदाहरणे फिरत आहेत (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा). ही उडी मार्च २०२४ च्या यादीतली असेल, तर तिचा खेळाशी संबंध नाही. तेव्हा फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या डावांच्या, रेटिंगची किमान मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० खालच्या सर्वांना, लहानथोर न पाहता, एकदाच वाढ दिली: २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के. म्हणून १२०० वाल्याला ३२० गुण, एकही डाव न खेळता. जुन्या आकड्यात ही भर घालूनच तुलना करावी.

शिवाय १८ वर्षांखालील, २३०० च्या आतल्या मुलांचा के-गुणांक, म्हणजे निकालागणिक रेटिंग किती बदलते ते ठरवणारा आकडा, ४० असतो; हा सर्वांत मोठा. रेटिंग भराभर चढते, तसेच घसरतेही. एका स्पर्धेवरून मुलांना बोल लावू नका, कृपया.