सैल सोडलेला ड्रम ऊबदार वाजत नाही

ड्रम शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर एक सल्ला सतत फिरत असतो. मोठ्या ड्रममधून, म्हणजे पायाने वाजवायच्या २२ इंची बेस ड्रममधून किंवा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या १६ इंची फ्लोअर टॉममधून, ऊबदार आवाज काढायचा असेल तर मिळेल ते सर्वांत जाड हेड, म्हणजे ड्रमवर ताणायचा पडदा, चढवावे, सुरकुत्या दिसेपर्यंत ते सैल सोडावे, आत उशी भरावी आणि मागचे, म्हणजे फटका पडतो त्याच्या उलट बाजूचे, हेड काढून टाकावे, असे त्यात सांगितलेले असते. यातली एकही सूचना निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. प्रत्येकीमागे कुठल्या तरी खोलीतला, कुठल्या तरी मायक्रोफोनसमोरचा खरा अनुभव आहे. परंतु चारही सूचना एकत्र पाळणाऱ्याला रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसा आवाज मिळतो आणि मग तो नवा, महागडा सेट घेण्याच्या विचाराला लागतो. शिकवताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या सल्ल्याला कलमवार उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले कलम सैलपणाचे, आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करते. खालचा सूर आणि ऊबदार आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रमचा मूळ नाद भरीव असावा, त्याला थोडी आस, म्हणजे फटक्यानंतर रेंगाळणारा नाद, असावी आणि वरचे टोचणारे नाद मागे राहावेत, तेव्हा कानाला ऊब जाणवते. हेडचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे नुसते सैल करून सूर एक सप्तक खाली आणायचा तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. तिथवर पोहोचण्याच्या आतच हेडला सुरकुत्या पडतात, ताण सगळीकडे सारखा राहत नाही आणि मूळ नाद इतका दुबळा होतो की कानावर काठीचा फटकाच तेवढा येतो. शिवाय सैल हेडवर जोराने मारले की फटक्यानेच क्षणभर ताण वाढतो, त्यामुळे सूर आधी चढतो आणि मग घसरतो.

सूर खाली हवा असेल तर त्याचा खरा उपाय म्हणजे मोठा व्यास. हवेचा भार बाजूला ठेवून हिशेब केला, तर सारख्याच ताणाचे २६ इंची हेड २२ इंचीपेक्षा जवळजवळ तीन अर्धस्वर खाली बोलते, म्हणजे कोमल गंधारावरून षड्जावर उतरावे तितके. उलट दोन्हींचा सूर एकच ठेवला, तर मोठ्या हेडवर सुमारे ४० टक्के जास्त ताण ठेवता येतो, आणि मोठ्या ड्रमची खरी श्रीमंती मला यातच दिसते. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमवादक जॉन बोनहॅम २६ इंची बेस ड्रम वाजवीत असे आणि तो बऱ्यापैकी चढा ताणलेला असे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चौथ्या अल्बमसाठी हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सेट मांडून, वर जिन्यात मायक्रोफोन लावून जो अवाढव्य आवाज मुद्रित झाला, तो सैल हेडचा आहे असे समजून आजही अनेक जण आपले ड्रम ढिले करतात.

सैल करण्यापेक्षा ताण सारखा करणे कितीतरी महत्त्वाचे आहे. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचा फ्लोअर टॉम माझ्याकडे आला. मारला की ‘वॉव-वॉव’ असा हेलकावा ऐकू येई. हेड ताणणाऱ्या प्रत्येक रॉडपासून, म्हणजे कडेच्या स्क्रूपासून, इंचभर आत बोटाने टिचकी मारत गेलो, तेव्हा आठांपैकी सात रॉडांपाशी सूर जवळपास एक होता आणि आठव्यापाशी बराच खाली. तिथला रॉड नुसत्या बोटानेही फिरत होता. ताण असा विषम झाला की एकाच सुरात होणारी दोन आडवी-उभी कंपने किंचित वेगळ्या सुरांत जातात आणि त्यांच्या टकरीतून तो हेलकावा निर्माण होतो. आम्ही काहीही सैल न करता तो एकच रॉड घट्ट केला आणि टॉम गोल बोलू लागला. तबल्याची सोळाही घरे एका सुरात आणल्याशिवाय तबलजी मैफलीत बसत नाही. ड्रमलाही तोच न्याय लावायला हवा.

दुसरे कलम जाड हेडचे, आणि त्यात निम्मे तथ्य आहे. वजन वाढले की त्याच ताणाला सूर उतरतो, ही गोष्ट आपल्याकडच्या पखवाजियांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ते बसण्यापूर्वी कणीक मळून डाव्या पुडीवर थापतात आणि ती कमी-जास्त करत हवा तो खर्ज मिळवतात. पुडी ढिली करत नाहीत. ड्रमच्या हेडचा हिशेबही तसाच आहे. १० मिलचे, म्हणजे पाव मिलिमीटरचे एकपदरी हेड काढून ७-७ मिलचे दुपदरी हेड लावले, तर वजन १.४ पट होते आणि सूर पुन्हा जवळपास तीन अर्धस्वरच उतरतो. पण दोन पदर एकमेकांवर घासून आस खातात आणि हलक्या हाताला असे हेड जागेच होत नाही. जोराने वाजवणाऱ्याने दुपदरी अवश्य घ्यावे. हलक्या हाताच्या वादकाला मात्र मी पांढरा खरखरीत लेप असलेले एकपदरी हेड सुचवीन, कारण तो लेप वरचे नाद आवरतो आणि खालचा नाद मोकळा ठेवतो. पारदर्शक दुपदरी हेडपेक्षा ते मला तरी नेहमी जास्त ऊबदार वाटले आहे.

उशीबद्दल थोडेच सांगायचे आहे. दोन्ही हेडना चिकटलेली उशी नको असलेल्या नादांबरोबर हवा असलेला नादही गिळते. मायक्रोफोन अगदी जवळ असेल आणि खोली लहान असेल तर ती चालते, एरवी तीन-चार इंच रुंदीची फेल्टची एक पट्टी हेडखालून आडवी लावली तरी पुरते.

राहिले मागचे हेड. ते काढण्याची चाल १९७० च्या दशकातल्या स्टुडिओंतून आली, जिथे मायक्रोफोन थेट ड्रमच्या तोंडाशी नेला जाई आणि आस नकोच असे. घरात, सभागृहात किंवा रंगमंचावर मात्र आतली हवा दोन्ही हेडना एकमेकांशी बांधते. पुढचे हेड आत दबले की मागचे बाहेर येते आणि मोठ्या ड्रमचा घुमारा या देवघेवीतून येतो. मायक्रोफोनसाठी भोक हवेच असेल तर ते चार-पाच इंचांचे आणि मध्यापासून बाजूला असावे. फार मोठे भोक पाडले की मागे हेड असून नसल्यासारखे होते.

ज्यांनी मागचे हेड काढून माळ्यावर टाकले असेल त्यांनी ते खाली काढून पुसावे, शेलच्या, म्हणजे ड्रमच्या पोकळ गोल अंगाच्या, कडेवरची धूळ कापडाने टिपावी आणि सर्व रॉड प्रथम बोटांनी बसतील तेवढेच फिरवावेत. मग समोरासमोरचे रॉड आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा, असे सुरकुत्या जाईपर्यंत ताणावेत आणि त्यानंतर आणखी थोडे वर जावे. दोन्ही हेड एका सुरात ठेवली तर आस सर्वांत लांब मिळते. ती नकोशी लांब वाटली, तर पुढच्या हेडला हात न लावता मागचे किंचित चढवावे आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर एकदा वाजवून ऐकावे.