खपली गव्हातही ग्लुटेन असतं

‘गव्हाचा त्रास होणाऱ्या मुलांना खपली गहू द्या, त्यात ग्लुटेन नसतं. शंका असेल तर आधी महिनाभर गहू बंद करून पाहा. नंतर थोडं थोडं देत राहिलं की सवय होते, वयात आल्यावर आजार जातो. तोवर ग्लुटेन-फ्री बिस्किटं आहेतच.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, झालेल्या मुलाच्या घरी तो पोचला की आजी-आत्या तो मायेपोटीच अमलात आणतात, म्हणून जास्त काळजी वाटते.

खपली हा गहूच आहे. सातारा-सांगलीकडचा हा जुना वाण, खीर करावी तर त्याचीच. पण सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याला घातक ठरणारं ग्लायडिन, म्हणजे ग्लुटेनचाच एक घटक, त्यातही असतं. देशी, सेंद्रिय, हातसडीचा म्हणून काही फरक पडत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया, सातू सगळं वर्ज्य.

‘सवय होते’ हे तर सर्वांत घातक विधान. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. पथ्यावर असलेल्या मोठ्या माणसांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. एका पोळीत ते दोन-तीन ग्रॅम असतं. म्हणजे नखाएवढा तुकडाही रोज नको. पोट दुखलं नाही म्हणजे पचलं, असंही नाही. हिमोग्लोबिन वर येत नाही, उंची अडते, आणि घरचे म्हणतात ‘बाळ मुळातच बारीक आहे’.

न कळत पोटात जाणारं ग्लुटेन वेगळंच. गिरणीत ‘गव्हावर’ ज्वारी दळली की दगडांत उरलेलं गव्हाचं पीठ पहिलं त्याच डब्यात पडतं. घरघंटी घेतली तरी तिच्यात गहू कधीच दळायचा नाही. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो; डबीवरचे घटक वाचा. पोळपाट-लाटणं आणि तवाही मुलाचा वेगळा ठेवा.

वयात आल्यावर त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, आजार मात्र जात नाही. पथ्य जन्मभराचं.

आता बिस्किटं. आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिता येतं. हे लेबल सुरक्षिततेचं आहे, पोषणाचं नव्हे. आत बहुधा तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर, तेल. लोह आणि तंतू नावालाच. साबुदाण्याच्या खिचडीवर मूल वाढवणंही तसंच, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा आपल्या धान्यांकडे बघा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आतडं बिघडल्यामुळे हाडं कमकुवत झालेल्या मुलाला हेच हवं. लोहासाठी बाजरीची भाकरी, सोबत लिंबू पिळलेली उसळ. डब्यात नाचणीचं घावन, राजगिऱ्याचा लाडू, अंडं. लोह, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं तपासून घ्या. कमी असतील तर डॉक्टर औषध देतील.

राहिलं ‘आधी गहू बंद करून पाहा’. असं केलं की ज्यांवरून सिलिअ‍ॅक ओळखतात त्या रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडी उतरतात, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा गहू खायला घालायची वेळ येते. रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी सांगितलीच तर एंडोस्कोपी होईपर्यंत गहू चालू ठेवा. निदान पक्कं झालं की त्याच दिवसापासून पूर्ण बंद.