नकाशा भरून घेणं थांबवा, आधी वाचायला द्या

दहावीची मुलं ब्राझीलच्या कोऱ्या नकाशात ॲमेझॉन नदी, ब्राझीलिया आणि पिको दी नेब्लिना शिखर डोळे मिटून दाखवतात. त्याच मुलांच्या हातात आपल्या भागाचा नकाशा द्या, तो सरळ कुठून धरायचा इथपासून तयारी. मी हायस्कूलला भूगोल शिकवते आणि माझ्या मते यात मुलांचा काही दोष नाही. चिन्ह, नाव, सूची, गुण, संपलं. नकाशाला काही विचारायचं असतं हे त्यांना कळणार कुठून?

नववीला मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलनिर्देशक नकाशाने, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, गावं असं सगळं बारकाईने दाखवणाऱ्या नकाशाने, सुरुवात करते. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंमी हा जमिनीवरचा ५०० मीटर. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे पहिला मान अजिंक्यताऱ्याला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या फरकाने काढलेल्या, दर पाचवी जाड. व्याख्या नंतर. आधी प्रश्न: "आजीला गडावर न्यायचंय, कुठल्या बाजूने न्याल?" मग रेषा चिकटून आल्या तिथे चढ अंगावर येणार, लांब लांब आहेत तिथे आजी दम खाईल, हे पोरंच एकमेकांना सांगतात. घाटरस्ता मात्र पट्टीने मोजू देत नाही. दोरा प्रत्येक वळणावर बसवायचा आणि मग पट्टीवर ताणायचा. सरळ अंतराशी ताडून पाहिलं की गाडीला एवढा वेळ का लागतो ते आपोआप कळतं.

रंगांचंही तसंच. निळं म्हणजे पाणी, हे सगळ्यांना पाठ. पण माण तालुक्याचा नकाशा पसरला की बारीक काळ्या रेषांचं जाळं दिसतं आणि निम्म्या वर्गाला ते रस्ते वाटतात. ते असतात कोरडे ओढे! "बाई, एवढे ओढे आणि पाणी कुठंच नाही?" असं कुणी विचारलं की पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या भागाचा, धडा अर्धा झालाच म्हणायचा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही आमच्याच जिल्ह्यात.

आलेखांचा घोळ वेगळाच. हवामानाच्या आलेखात एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला पाऊस. मुलं पावसाचा स्तंभ तापमानाच्या अक्षावर वाचतात आणि "जुलैत २५ अंश पाऊस" असं बिनधास्त लिहितात. म्हणून अक्ष बोटाने गिरवल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. दक्षिण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचा आलेख तर माझा आवडता. तापमानाची रेष जानेवारीत वर, जून-जुलैत खाली. का? वर्ग एका सुरात: "पावसाने गार होतं!" उत्तर चूक, पण डोकं चाललेलं आहे, आपल्याकडे जूनमध्ये तसंच तर होतं. लगेच खोडायचं नाही. खालचे स्तंभ बघा म्हणायचं. तिथे पाऊस बाराही महिने. मग जरा शांतता, आणि कुणीतरी ॲटलास उघडून ३० अंश दक्षिण अक्षवृत्तावर बोट ठेवतं. तिकडे जुलैत हिवाळा असतो हे वाक्य मग कुणाला लिहून द्यावं लागत नाही.

मोबाइलमुळे काम सोपं झालं असं मला वाटत नाही. निळा ठिपका चालतो, मागून पोरं चालतात. उत्तर दिशा विचारा, फोन काढतील.

पालक म्हणतात, बोर्डाला याचा काय उपयोग? अहो, नकाशा आणि आलेख वाचून उत्तरं द्यायचे प्रश्न भूगोलाच्या ४० गुणांच्या पेपरात असतातच. फक्त गाइडमध्ये नकाशाशेजारीच उत्तरं छापलेली मिळतात, तिथे सगळं मुसळ केरात.

घरी शेती असेल तर एक सोपा उद्योग सांगते. महाभूनकाशा या जमिनींचे नकाशे दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर गाव उघडा आणि पोराला आपला गट नंबर शोधायला लावा. मग विचारा, विहीर कुठल्या कोपऱ्यात, रस्ता कुणाच्या गटातून येतो, पूर्वेला शेजारी कोण. जमीन त्याच्या पायाखालची, त्यामुळे कागदावर काही खटकलं तर तुमच्याआधी तोच बोट ठेवेल. बांधावरून आधीच भांडण चालू असेल तर मात्र हा प्रयोग शेजाऱ्यांसमोर करू नका.