एका तार्‍याबद्दल: भरकीनं शिलेदाराला मारलं नव्हतं

नमस्कार दादा,

रविवारी आपण आमच्या खेळघराबद्दल इंटरनेटवर अभिप्राय लिहून एक तारा दिलात. आधी माफी मागतो. साबुदाण्याची खिचडी गार झाली होती, खरं आहे. पंख्याचा आवाज होता, तेही खरं. भाचीच्या वाढदिवसाला आपण चौघं हौसेनं आलात आणि रागानं जिना उतरलात, याचं मला, बायकोला आणि खिचडी करणार्‍या आईला फार वाईट वाटलं.

पण पुढे आपण लिहिलंय, ‘यांनी मनानं एक मांजर काढली आहे. ती काही न सांगता मागून येते आणि पहिल्याच झटक्यात माणूस खलास. नियमही मनाचे. माणशी 450 रुपये घेऊन पाऊण तासात खेळ संपवला.’ हे वाचून गप्प बसवत नाही.

दादा, आमच्या खेळात मी गोष्ट सांगतो आणि प्रत्येक जण एक पात्र चालवतो. आपलं पात्र शिलेदार, आणि त्या मांजरीचं नाव भरकी. आपला शिलेदार मेला नव्हता.

त्याच्याकडे 11 प्राणगुण, म्हणजे जीव मोजायचे गुण, होते. भरकीच्या झडपेत 16 गेले, म्हणजे तो शून्यावर आला. शून्य म्हणजे बेशुद्ध. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला वीस तोंडांचा फासा टाकायचा असतो. 10 किंवा त्याहून जास्त तीनदा आलं की शिलेदार वाचतो, कमी तीनदा आलं तर जातो. मधे एखाद्या साथीदारानं औषध पाजलं, तर लगेच उठून बसतो. हे मी मनाचं सांगत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ अमेरिकेत 1974 साली निघाला, त्याच्या आत्ताच्या नियमांत हे असंच आहे आणि आम्ही तेच नियम चालवतो. पुढची पाळी आपल्या भाचीची होती. तिचं पात्र वैदू, त्याच्या झोळीत औषधाची कुपी होती, आणि तिनं ती पात्राच्या कागदावर बोट ठेवून मला दाखवलीही होती. तेवढ्यात आपण खुर्ची मागे सारून उठलात. मी दोनदा म्हटलं, ‘दादा, एक पाळी थांबा.’ खेळ आम्ही पाऊण तासात संपवला नाही. टेबल तीन तासांसाठी आपलंच होतं.

आता ‘काही न सांगता’ याबद्दल. चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या रानात, एका भरक्याच्या (अरुंद घळीच्या) तोंडाशी, मी ओल्या वाळूतला ठसा सांगितला होता. चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशात नखं उमटतात. मांजरकुळ चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून उमटत नाहीत. आपण म्हणालात, ‘कुत्रा असेल, चला पुढे.’ मग मी सांगितलं की टिटवी ओरडत उठली आणि पलीकडच्या काठावर मोर केकाटला. जंगलात जाणार्‍या कोणालाही विचारा, याचा अर्थ जवळपास शिकारी जनावर आहे. तिसर्‍यांदा करीलच्या झुडपाला उग्र वास येतोय असं सांगितलं. त्यावर भाची म्हणाली, ‘मामा, वर बघ ना.’ तेव्हा आपण फोनवर होतात. फोन महत्त्वाचा असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपण तिला हातानं गप्प केलंत आणि मला म्हणालात, ‘माझा शिलेदार शेवटी चालतोय, टाका पुढे.’

भरकी रांगेतल्या शेवटच्यावरच येते, आणि तेही त्याची पाठ असेल तरच. शेवटचा माणूस मागे तोंड करून चालला तर ती उतरतच नाही. हा नियम मी उगाच केलेला नाही. सुंदरबनात मध काढायला जाणारे लोक वाघाच्या भीतीनं डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधत, कारण वाघ पाठीवरून येतो. ते वाचलं त्या रात्रीच भरकीची ही सवय ठरली.

फासेही मी आडोशामागे टाकत नाही, टेबलावर सगळ्यांसमोर टाकतो. दबा धरून बसलेल्या प्राण्याला दोन फासे मिळतात आणि त्यातला मोठा धरायचा असतो. एका फाशावर 20 पडण्याची शक्यता 5 टक्के, दोन टाकले तर 9.75 टक्के. त्या दिवशी एकावर 7 पडले आणि दुसर्‍यावर 20. विसाला मार दुप्पट फाशांनी मोजतात, म्हणून 16. मलाही ते नको होतं. वाढदिवसाच्या दिवशी कोणाला हवं असेल?

आपण असंही लिहिलंय, ‘मांजर डोकं खाली करून उतरत नाही हे लहान पोरालाही कळतं. त्यापेक्षा कुनोचा चित्ता घ्यायचा होता.’ घरच्या मांजरीबद्दल आपलं बरोबर आहे. तिची नखं मागे वळलेली असतात, म्हणून ती झाडावरून उलटी, पाठीकडून उतरते. पण ईशान्येकडच्या जंगलातला लामचित्ता आणि दक्षिण अमेरिकेतलं मार्गे नावाचं रानमांजर, दोघांचेही मागचे घोटे इतके वळतात की ते खोडावरून डोकं खाली करून सरळ उतरतात. भरकीचे मागचे पाय मी त्यांच्यावरून घेतले. कानांवरचे काळे झुपके शशकर्णाचे, ज्याला आपल्याकडे हिंदीत स्याहगोश म्हणतात. रंग मात्र चंबळच्या मातीचा. वजन 22 किलो, म्हणजे शशकर्णापेक्षा जड आणि बिबट्यापेक्षा हलकी, कारण भरक्याची कड ठिसूळ असते. जड जनावराखाली ती ढासळते.

आणि चित्ता का नाही, तर तो मोकळ्या माळावर पळून शिकार करतो. त्याची नखं इतर मांजरांसारखी पूर्ण आत जात नाहीत, त्याला चढण्याउतरण्यापेक्षा धावण्याचा सराव. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा आमच्या ग्वाल्हेरात कोण आनंद झाला होता, मलाही झाला होता. पण बीहडाच्या अरुंद घळीत चित्ता आणला असता तर जाणकारांनी मला हसून काढलं असतं. तिथे दबा धरणारं जनावरच हवं, आणि तसं, त्या मापाचं, खर्‍या जगात मिळालं नाही म्हणून भरकी काढली. चार महिने रोज रात्री दुकान आवरल्यावर बसत होतो. टेबलावरची ती छोटी मूर्ती बायकोनं मातीची केली, शेपटी तीनदा मोडली, तिसर्‍यांदा आत तार घातली. आपण तिला ‘बिबट्याला कान चिकटवलेत’ म्हणालात. ते तिनं स्वतः वाचलं.

450 मध्ये तीन तास, खाणं आणि सगळं सामान येतं. महाराज बाड्याच्या चौकाजवळ पहिल्या मजल्याची जागा भाड्याची आहे. मंगळवारी दोन मंडळींनी ठरवलेला खेळ रद्द केला, दोघांनीही आपलं लिहिणं वाचल्याचं सांगितलं. आपल्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, पण लिहिल्यावाचून राहवतही नाही.

आमच्याकडून एक चूक झाली, ती कबूल करतो. शून्य म्हणजे मरण नव्हे, हे खेळ सुरू होण्याआधी सांगायला हवं होतं. नव्या मंडळींना ते आधी सांगू, पहिल्या डावाला भरकी थोडी मवाळ ठेवता येते का तेही बघतो. खिचडीचं आईशी बोललो आहे, पंखाही दाखवून घेऊ.

आपल्या भाचीचा हिरवा फासा टेबलाखाली सापडला, गल्ल्यात जपून ठेवला आहे. तिचा कागदही तसाच आहे, कुपी अजून वापरलेली नाही. आपण आलात तर डाव तिच्या पाळीपासून पुढे सुरू करू, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी बंद असतं, बाकी दिवस चारनंतर मी असतोच.