आराखडा २०५०चा, उघाडी आज गळतेय

समुद्र चढणार म्हणून प्रत्येक किनारी तालुक्याने २०५० पर्यंतचा आराखडा करावा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. करा ना! पण आम्हा अलिबाग-पेणच्या खारेपाटवाल्यांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भात पिकवणाऱ्यांना, २०५० पर्यंत थांबायची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला टेकतंच.

पूर्वी बांध गावाचा होता. जोळ, म्हणजे गावकीच्या श्रमदानाची टोळी, निघायची, घरटी एक माणूस चिखल टाकायला जायचा. खेकड्याने पाडलेलं भोक त्याच दिवशी बुजायचं, कारण त्या भोकाचीच पुढे खांड होते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. १९७९चा खारभूमी विकास कायदा आला, बांध सरकारी झाला आणि भोक बुजवायलाही अंदाजपत्रक लागायला लागलं. आमच्या उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी सोडायच्या आणि खारं पाणी अडवायच्या बांधातल्या दाराची, फळी कुजली, तेव्हा कचेरीत तीन चकरा मारल्या. उत्तर काय, तर 'निधी नाही.' तोवर दोन उधाणं शेतात येऊन गेली. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळे मीठ धुतल्याशिवाय भात धड येत नाही. पडीक राहिलं तर कांदळवन उगवतं, मग वनखात्याची परवानगी! (कांदळवनाशी वैर नाही, बांधाबाहेर हवंच आहे.)

तुमच्या त्या आराखड्यात उघाड्यांच्या देखभालीसाठी ग्रामपंचायतीच्या हातात थेट पैसे आहेत का, एवढंच सांगा.