निळी काच आणि दोनशे फुटांचं पत्र

माझ्या धाकट्या भावाने, नानाने, मागच्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं. धुळ्यात देवपुरात आमची कॉलनी आहे. तिच्या कोपऱ्यावरचा, साठ फुटी रस्त्याला लागून असलेला जुना बंगला विकला गेलाय आणि तिथे चोवीस गाळ्यांचं तीन मजली कॉम्प्लेक्स येतंय. त्याचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसेल तसं चित्र, आधीच गावभर फिरत होतं. समोर जमिनीपासून गच्चीपर्यंत निळी काच, कडेला एसीपीचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चंदेरी पत्र्यांचे, पट्टे, पुढे चार पाम आणि चकचकीत फरशीवरून कॉफीचे कप घेऊन चाललेली कोटातली गोरी माणसं. देवपुरात कोट! खाली नानाचा प्रश्न होता, "ताई, तुमच्याकडे अशीच असतात ना दुकानं? इथं दोन पार्ट्या पडल्यात. तू सांगशील ते मानतील."

पहिल्या पार्टीचं म्हणणं, काच आली म्हणजे पुणं आलं, प्लॉटचे भाव वाढतील. दुसरीचे पुढारी आमचे शेजारी जिभाऊ. त्यांना काचही नको, गाळेही नको आणि गाळ्यांमागोमाग येणाऱ्या लोटगाड्या तर मुळीच नको. ग्रुपवर दोनशे मेसेज पडले होते आणि त्यातले निम्मे हात जोडलेले.

मी न्यू जर्सीत एकोणीस वर्षं राहते. आमच्याकडची दुकानं कशी असतात हे नानाला सांगायचं तर पहिल्यांदा त्याची निराशाच करावी लागते. रस्त्याला लागून डांबराचं मैदान, त्यावर पांढरे पट्टे, आणि मैदानाच्या पार टोकाला एकमजली, बुटक्या दुकानांची रांग. एक पिझ्झावाला, एक नखं रंगवणारी, एक लाँड्री, एक कायमचं रिकामं. समोरच्या दुकानात जायलाही माणूस गाडी काढतो, कारण मधला रस्ता चालत ओलांडायची सोय नाही. याला इथे स्ट्रिप मॉल म्हणतात आणि अमेरिकेतलं उपनगर म्हणजे बरंचसं हेच.

असाच एक अर्धा ओस पडलेला स्ट्रिप मॉल आमच्या टाऊनशिपमध्ये, म्हणजे आमच्या गावात, आहे. त्याच्या जागी काय यावं, हे ठरवायला दोन-तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये लोकांना बोलावलं होतं. खरं सांगते, मी पिझ्झा फुकट आहे म्हणून गेले. भिंतींवर मोठमोठे फोटो लावलेले होते: दुकानांचे, पदपथांचे, पाट्यांचे, बाकांचे. दारात प्रत्येकाला हिरव्या आणि लाल टिकल्यांचा एकेक कागद. आवडलं तिथे हिरवी, नावडलं तिथे लाल. फोटो दाखवून लोकांची पसंती मोजायची ही रीत न्यू जर्सीचीच. रटगर्स विद्यापीठात शिकवणारे नगररचनाकार अँटन नेलेसन यांनी ती 1970च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. त्यांच्या मूळ पद्धतीत प्रत्येक चित्राला उणे दहा ते अधिक दहा असे गुण द्यायचे असतात. आमच्याकडे टिकल्यांवर भागवलं. माझ्या शेजारच्या आजीबाई पार्किंग पुढे असलेल्या प्रत्येक फोटोवर चवताळून लाल टिकली चिकटवत होत्या. बाहेर निघाल्यावर पाहिलं, तर त्यांची गाडी अगदी दाराला चिकटून उभी.

सगळ्यात जास्त हिरव्या टिकल्या पडल्या एका विटांच्या, तीन मजली रांगेवर. खाली दुकानं, वर घरं, दुकानांवर कापडी छप्पर, रुंद पदपथ, झाडं, गाड्या मागच्या बाजूला. मी त्या फोटोपुढे जरा उभीच राहिले. धुळ्याच्या बाजारातल्या आग्रा रोडवरून वायरी, हॉर्न आणि गाई काढून टाकल्या तर दुसरं काय उरतं? सहा हजार डॉलरच्या सायकली घेऊन फिरणारी ही माणसं जे मागत होती त्यात माझं लहानपण गेलंय.

धुळ्यात दर तिसरा माणूस छातीठोकपणे सांगतो की आपलं शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं. ते खानदेशात आले 1884 नंतर, सरकारी इंजिनिअर म्हणून, आणि पांझरा नदीच्या पाटासाठी त्यांनी केलेलं, पाणी नळातून पलीकडे नेणाऱ्या सायफनचं काम खरंच नावाजलेलं आहे. पण नवं धुळं त्याआधीच उभं होतं. 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्याला केलं आणि व्यापाऱ्यांनी यावं म्हणून त्यांना घर-दुकानासाठी कायमची बिनसाऱ्याची जागा दिली, बांधायला उचलही दिली. इंग्रजाचा स्वार्थ त्यात होताच. लुटालुटीने उजाड झालेल्या मुलखात बाजार भरल्याशिवाय महसूल कुठून येणार? पण बाजार बसवायचा तर सरळ गल्ल्या हव्यात आणि दुकानदाराला दुकानाच्या वर राहता आलं पाहिजे, एवढं त्या काळी सगळ्यांनाच कळत होतं.

माझ्या मामांचं कापडाचं दुकान धुळ्यातच, पाचकंदीलजवळ होतं. रस्त्यापासून गुडघाभर उंच ओटा, त्याला तीन पायऱ्या. दाराला शटर नव्हतं, उभ्या फळ्या होत्या. एकेक फळी खाचेत सरकवत दुकान बंद करायचं. फळ्यांवर रंगाने आकडे घातलेले, कारण सातची फळी आठच्या जागी बसत नसे. आम्हा भाच्यांना फळ्या लावायला मिळणं हा सुट्टीतला मोठा मान. वरचा सज्जा ओट्याच्या पुढे हातभर आलेला. मे महिन्यात दुपारी ऊन दुसऱ्या पायरीपर्यंत चढायचं आणि तिथेच थांबायचं. ज्या दिवशी ते तिसऱ्या पायरीवर यायचं, त्या दिवशी मामा गोणपाटाचा पडदा सोडून त्यावर पाणी शिंपडायला सांगायचे. बायका आत लुगडी बघायच्या, त्यांच्याबरोबर आलेली म्हातारी माणसं ओट्यावर टेकायची. काही घेतलं नाही तरी पाणी मिळायचं. त्या ओट्याला कोणी कमर्शिअल डिझाइन म्हटलं असतं तर मामा हसले असते, पण गिऱ्हाईक टिकायचं त्या ओट्यावरच.

आता देवपुरातलंच दुसरं दृश्य. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले होते तेव्हा आईसोबत एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये साडी घ्यायला गेलो. पश्चिमेकडे तोंड, समोर पूर्ण काच. आतून त्या काचेला वर्तमानपत्रं चिकटवलेली, बाहेरून हिरवी जाळी बांधलेली, आणि भर दुपारी आत आठ ट्यूबलाइट चालू. दुकानदार वैतागून म्हणाला, "काय करता मावशी, दोन एसी लावून पण पुतळ्याच्या साडीचा रंग उडतो." आधी काचेचे पैसे दिले, मग ती झाकायचे, मग उजेडाचे आणि गारव्याचे. पायऱ्या ग्रॅनाइटच्या, गुळगुळीत. आई त्या कठड्याला धरून उतरली. बाहेर बसायला जागा नव्हती, कारण ओट्याच्या जागी मोटारसायकली होत्या. तळघरात पार्किंग दाखवलं होतं म्हणे, पण तिथे आता क्लासेस चालतात.

बंदिस्त, वातानुकूलित मॉल जन्मला तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एडायना नावाच्या उपनगरात, 1956 मध्ये. व्हिएन्नाहून आलेला वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन याने तो बांधला. तिथे हिवाळ्यात बाहेर उभं राहिलं तर कान गळून पडतील अशी थंडी, म्हणून सगळा बाजारच छपराखाली घेतला. त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. पुढे देशभर त्याच्या नकला निघाल्या आणि त्या पाहून ग्रुएननेच हात झटकले. आता त्यातले कितीतरी मॉल इथे रिकामे पडलेत. आपण मात्र ती बंदिस्त रीत काचेत घालून पंचेचाळीस डिग्रीच्या गावात आणतो आणि वर पाम लावतो. पाम! ज्या झाडाखाली शेळीसुद्धा बसत नाही.

इथपर्यंतचं नानाला फोनवर सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याला वाटलं, ताई जिभाऊंच्या पार्टीत. तसंही नाही. आपण परदेशातून काय उचलावं, हे मला विचारलं तर मी इमारतीचा एकही फोटो दाखवणार नाही, एक पत्र दाखवेन. आमच्या घरामागच्या जागेवर कोणाला दंतवैद्याचा दवाखाना काढायचा होता तेव्हा ते मला रजिस्टर पोस्टाने आलं होतं. न्यू जर्सीत 1975चा कायदा आहे. प्लॅनिंग बोर्डापुढे, म्हणजे गावातल्या बांधकामांना मंजुरी देणाऱ्या मंडळापुढे, असा अर्ज आला, की अर्जदाराने जागेपासून दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी स्वतः कळवायचं, हातोहात किंवा रजिस्टर पोस्टाने. मी गेले, दिव्यांचा उजेड आमच्या खिडकीत येईल म्हणाले, त्यांनी दिवे खाली वळवले. तीन मिनिटांचं काम.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. 1966च्या नगररचना कायद्याने शहराचा विकास आराखडा जाहीर करून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. महिनाभराची मुदत असते. ती सूचना पेपरात आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात येते आणि त्याच पेपरात संध्याकाळी भजी बांधली जातात. साधारण एक एकराच्या वर ले-आऊट पाडला तर दहा टक्के जागा मोकळी सोडायची असाही नियम आहे. म्हणून तर प्रत्येक कॉलनीत 'ओपन स्पेस' नावाची जागा असते, आणि तीत बाभळी, बांधकामाचा राडारोडा, नाहीतर रातोरात उगवलेलं देऊळ असतं. पण कोपऱ्यावरच्या एका प्लॉटवर काय उगवणार, हे शेजाऱ्याला कळतं ते जेसीबी आल्यावर. नानालाही चित्र मिळालं ते गाळे विकायला काढल्यावरच.

शेजाऱ्यांना असं विचारण्याची दुसरी बाजूही मला सांगायला हवी, नाहीतर मी नुसती अमेरिकेची आरती केली असं होईल. त्या स्ट्रिप मॉलच्या जागी दुकानांच्या वर घरं हवीत म्हणून ज्यांनी हिरव्या टिकल्या लावल्या, तीच माणसं पुढच्या सभेत त्या घरांतली काही कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव आहेत म्हटल्यावर उठून उभी राहिली. ट्रॅफिक वाढेल, शाळेवर ताण येईल, गावाचं 'कॅरॅक्टर' बिघडेल. त्यात दोन आपलेही होते. गरिबांना बाहेर ठेवायला बांधकामाचे नियम वापरता येणार नाहीत, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल या गावाच्या खटल्यात 1975 मध्ये बजावलं, आणि 1983 मध्ये पुन्हा, जास्त कडक शब्दांत, बजावावं लागलं. विचारलं की लोक चांगलंच बोलतात असं नाही.

म्हणून जिभाऊंच्या लोटगाड्यांच्या रागाला मी मान डोलावली नाही. त्यांना फोनवर म्हटलं, "जिभाऊ, गाळे येऊ द्या, पण पुढे आठ फूट सावलीचा ओटा मागा, आणि त्याच्या टोकाला भाजीवालीला जागा मागा." त्यावर पलीकडून लगेच अहिराणी आली, "बाई, तू तठे बठीसन सांगस. आठे उन्हामा ये, मंग सांग."

बरोबर आहे. पण जिभाऊ मूळचे साक्रीकडचे, पांझरेकाठचे, आणि त्यांच्या वडिलांची जमीन फडात होती. फड म्हणजे काय हे खानदेशात सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. माझं रान आहे म्हणून मी वाटेल ते पेरीन, हे तिथे चालत नाही. यंदा ऊस कुठल्या फडात, भुसार कुठल्या, हे सगळे बसून ठरवतात. पाणी पाटकरी देतो, राखण जागल्या करतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं हे चाललं. मी जिभाऊंना म्हटलं, तुमच्या फडात तुमच्या वावरात काय पिकणार हे शेजाऱ्यांनी ठरवलेलं तुम्हाला चाललं, मग कॉलनीत का नाही? ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "फडमा पानी एकच व्हतं ना." आठे सगळ्यांची बोअर वेगळी, असं त्यांना म्हणायचं होतं. यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही, अजूनही पुरतं सुचलेलं नाही. ऊन तर सगळ्यांचं एकच आहे, असं नंतर भांडी घासताना सुचलं, पण तोवर फोन ठेवला होता.

नानाने मात्र वेगळंच केलं. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, तो आणि त्याचा मुलगा घरातला टेप घेऊन कोपऱ्यावरच्या प्लॉटपासून चारी बाजूंना दोनशे फूट मोजत फिरले. सव्वीस घरं आली, एक पिठाची गिरणी, आणि एक इस्त्रीवाला, जो प्लॉटच्या भिंतीला टेकूनच अकरा वर्षं उभा आहे. तो मालक नाही, म्हणजे न्यू जर्सीच्या कायद्याने त्याला पत्र आलं नसतं. नानाने विचारलं, "त्याला धरू का?" मी म्हटलं, "धर." आमचं घर दोनशे सत्तर फुटांवर निघालं. यादीत नव्हतं.