आपण प्रोटीन क्विंटलनं विकतो आणि डब्यानं विकत घेतो

परवा संध्याकाळी जिमवर एक पोट्टा आला. आमची जिम म्हणजे पूर्वीचा कापसाचा कोठा. वर टिनपत्रं, आत दोन बेंच, थोड्या प्लेटा आणि गावातल्या वेल्डरनं बनवून दिलेला रॅक. पोराचं वय एकोणीस, उंची पाच फूट आठ. काट्यावर उभा केला तर ४९ किलो. पोलीस भरतीची तयारी करतो. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, याची ७६ भरली. मोबाईल पुढे केला, त्यावर प्रोटीन पुडीच्या भल्यामोठ्या काळ्या डब्याचा फोटो. म्हणाला, "दादा, हा घेऊ काय? बाबा म्हणते, सोयाबीन इकलं का पैसे देतो."

मला हसू आलं नाही. २०१४ साली हेच वाक्य मी बोललो होतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा आणि ४७ किलोचा होतो. गावात नाव पडलं होतं काडीपहेलवान. लग्नात पंगतीला बसलो की कोणी ना कोणी मावशी मोठ्यानं विचारणारच, "काऊन बे, माय जेवाले देत नाही काय तुले?" मला त्याचं काही वाटत नव्हतं, माय मात्र घरी येऊन चूल फुंकता फुंकता बडबडायची, "आता याले काय हत्तीचं पोट लावू काय मी?" शेवटी बाबांनी एक क्विंटल सोयाबीन माझ्या नावानं बाजार समितीत नेलं. त्या साली हमीभाव २५६० होता. अडत्याकडून पैसे हातात पडले आणि त्याच दिवशी तालुक्याच्या दुकानातून २४०० रुपयांचा तीन किलोचा मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पूड, घेऊन मी शेवटच्या एस.टी.नं परत आलो. डबा मांडीवर होता. खाली ठेवायला जीव होत नव्हता.

आता हिशेब बघा. सोयाबीनमध्ये वजनाच्या ३६ ते ४० टक्के प्रोटीन असतं. म्हणजे एका क्विंटलमागे कमीत कमी ३६ किलो प्रोटीन आम्ही अडत्याच्या मापात ओतून आलो. आणि मी घरी काय आणलं? त्या गेनरमध्ये शंभर ग्रॅममागे १५ ग्रॅम प्रोटीन होतं. तीन किलोच्या डब्यात साडेचारशे ग्रॅम. ३६ किलो देऊन अर्धा किलोही नाही! बाकी डब्यात होतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे बहुधा मक्याच्या स्टार्चपासून बनवलेली, पटकन विरघळणारी पूड. आपल्याकडे लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे पहिलं लिहिलं तेच डब्यात सगळ्यात जास्त. माझ्या डब्यावर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचंच होतं, पण डब्यावरच्या फोटोतल्या माणसाचे दंड बघायच्या नादात मागची बाजू वाचतो कोण!

दीड महिन्यात डबा संपला. पोट सतत गुडगुडायचं, शेतात जाताना टमरेल सोबत ठेवावं लागे. वजन तीन किलो वाढलं, पण ते सगळं पोटावर. हातपाय तसेच काड्या आणि मधे मडकं. आबाजी ओट्यावर बसून बघायचे. एक दिवस म्हणाले, "गाभण बकरी दिसून रायला."

आबाजींकडे एके काळी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी होती. पटाच्या दोन महिने आधीपासून त्या बैलांचं काय कौतुक चालायचं! सरकीची ढेप मापानं भिजवायची, कणकेचे गोळे, दिवसाआड थोडी दौड, नांगराला अजिबात जुंपायचं नाही, रात्री गोठ्यात कोरडी जागा. बैल भरतो कशानं, हे त्या निरक्षर माणसाला पक्कं माहीत होतं: खुराक, मेहनत, आराम. आणि दर दिवशी, एकही खाडा न करता. त्याच घरातला पोट्टा मात्र सकाळी काळा चहा पिऊन धावायला जायचा. बैलाला मापून आणि पोराला उरलंसुरलं, हे आजही बऱ्याच घरी तसंच चालू आहे.

परवाच्या पोराला मी डब्याबद्दल काहीच बोललो नाही. कागद दिला आणि आदल्या दिवशी जे जे खाल्लं ते लिहायला लावलं. "दादा, मी भरपूर खातो," हे आधीच सांगून झालं होतं. प्रत्येक बारीक माणूस हेच सांगतो, मीही सांगायचो. कागदावर आलं ते असं: पहाटे पाचला काळा चहा आणि १६०० मीटर. सातची बस. कॉलेजजवळ एक समोसा. तीन वाजता घरी येऊन दोन पोळ्या आणि आलूची भाजी. रात्री दोन पोळ्या, भात, आणि वरण म्हणजे हळदीचं पाणी. मोजून बघितलं तर प्रोटीन चाळीस ग्रॅमच्या आसपास. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं असं आपल्या देशाचं प्रमाण आहे, तेवढं त्याचं कसंबसं भागत होतं. पण अंगावर मांस चढवायचं, वजन उचलायचं, तर किलोमागे १.६ ग्रॅम धरून चला. म्हणजे याला ऐंशीच्या जवळ पाहिजे. निम्म्यावर गाडी अडली होती, आणि उरलेली ताकद पहाटेची दौड खात होती.

वरण पातळ का, तर घरची तूर विकली जाते आणि रेशनवर गहू-तांदूळ येतो. डाळ दुकानातून किलो-अर्धा किलो आणायची, मग ती पुरवून पुरवून. दारात तुरीचं कुटार आणि ताटात पाणी. (आणि त्या पाण्यातलंही घट्ट ते पोरांना, माय आणि बहीण शेवटी. जिममध्ये पोट्टे येतात म्हणून आपण पोट्ट्यांचंच बोलतो. पोरींचं हिमोग्लोबिन किती आहे ते एकदा तपासा, मग बोलू.)

त्याला जे सांगितलं ते इथं लिहितो, कारण इनबॉक्समध्ये हेच रोज विचारतात. एक मोठी मूठ शेंगदाणे, ५० ग्रॅम: प्रोटीन साडेबारा ग्रॅम आणि वर पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. बारीक माणसाला खिशात मावणारं याच्यासारखं दुसरं काही नाही. फुटाणे तेवढेच, त्यात दहा. अर्धा लिटर दूध, सोळा. म्हशीचं असलं तर थोडं जास्तच. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, त्यात पंधरा. एवढ्यातच पन्नासच्या वर गेलो. घरी चालत असेल तर अंडी, एकात सहा. त्याचे बाबा माळकरी, घरात अंडं आणायचं नाही, म्हणून मी अंड्याचा आग्रह धरला नाही. काही अडत नाही त्यावाचून. वरणात डाळ दुप्पट टाकायची, तेवढं मायला प्रेमानं सांग म्हणालो. आणि हे सगळं पहिल्याच दिवशी ठासून खायचं नाही. आठवडाभर नुसते शेंगदाणे आणि दूध, पोट सरावलं की पुढचं. रोज तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त गेल्या तरी पुरे. महिन्याला किलो-दीड किलो वाढलं तर उत्तम. महिन्यात आठ किलो वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

वड्यांवरून आठवलं. "सोयाबीन खाल्लं तर पोट्टा बायकी होते," हे मला अजून दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. तपासण्या होऊन गेल्यात, पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा काही फरक पडत नाही. गंमत अशी की, आपलं सोयाबीन ऑइल मिलमध्ये जातं, तेल निघतं, आणि जो प्रोटीनचा चोथा उरतो तो बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. बॉयलर कोंबडी दीड महिन्यात कशानं भरते वाटतं तुम्हाला?

डबेवाल्यांशी माझं वैर नाही. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर जे पाणी सुटतं त्यातलं प्रोटीन, वाळवून पूड केलेलं. विष नाही, अमृतही नाही. डब्यातल्या मोठ्या मापभर पुडीत २४-२५ ग्रॅम मिळतं. ज्याला दिवसभर शहरात ड्यूटी आहे, जेवायला वेळ नाही, खिशात पैसा आहे, त्यानं जरूर घ्यावं. पण घरी वरण पातळ ठेवून व्हे आणणं म्हणजे छप्पर गळत असताना डिश अँटेना बसवणं. क्रिएटिन, म्हणजे वजन उचलताना स्नायूंना जोर देणारी पूड, मात्र मी स्वतः घेतो. साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. ते मुळात मटण-मासळीत असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांच्या अंगात कमी असतं आणि फरक चांगला दिसतो. पहिल्या पंधरवड्यात जे किलोभर वाढतं ते स्नायूत ओढलेलं पाणी असतं, त्यावर लगेच फोटो टाकू नका. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बाकी डब्यांच्या रांगेतलं मला तरी काही घ्यावंसं वाटत नाही.

खरी भीती डब्याची नाहीच. ती आहे बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुडीची. दोन वर्षांआधी आमच्याकडचा एक पोरगा अशी 'वजनवाढीची जडीबुटी' खात होता. तीन आठवड्यांत गाल भरले, भूक राक्षसासारखी लागायला लागली. त्याची माय खूश, शेजारणीला सांगायची, "चेहऱ्यावर कशी रौनक आली पाय." मला ते गाल बरोबर वाटले नाहीत. चेहरा चंद्रासारखा गोल आणि दंड मात्र आधीपेक्षा लुकडे. बोटानं पाय दाबला तर खड्डा पडत होता. डॉक्टरांनी पुडी बघितली आणि स्टेरॉइडचा संशय सांगितला. डेक्सामेथासोनसारखी गोळी कुटून चूर्णात मिसळतात. भूक वाढते, अंगात पाणी धरतं, साखर चढते, आणि मांस उलट झिजतं. वर आणखी एक भानगड: बरेच दिवस खाल्ल्यावर ती एकदम बंदही करता येत नाही, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं. त्या पोराला डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू डोस उतरवावा लागला. पुडी विकणारा पुढच्या बाजाराला दिसलाच नाही.

आणि काही जण बारीक असतात ते खाण्यामुळे नाहीच. वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी कणकण, दोन आठवड्यांवर खोकला, तर आधी सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासा, फुकट होते. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तीही तपासणी करून घ्या. जंताची गोळी घेतली होती का, हे आठवून बघा. एवढं झालं की मग शेंगदाणे.

झोपेचं काय सांगू? पोट्टा म्हणतो, रात्री रोही (नीलगाई) अन् डुकरं येतात, वावरात जागलीला जावं लागते. थ्री फेजची लाईन रात्रीची असली तर तेव्हा ओलीत. चार तास झोप आणि पहाटे पाचला दौड. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सुचवलं की जागलीच्या दुसऱ्या दिवशी दौड सोड आणि दुपारी दोन तास पड. आठवड्यातून तीन दिवस वजन उचल, दर वेळी थोडं वाढव, दौड तीनच दिवस ठेव.

डबा घेतला नाही त्यानं. निदान अजून तरी.

आमच्या घरी आता दर हंगामात एक कट्टा सोयाबीन बाजाराला जात नाही. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, आणि तोही मिळाला तर. त्या भावात दुसरं कोणतं प्रोटीन मिळतं ते मला सांगा. कच्चं मात्र दळायचं नाही, पचत नाही. वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, कडक उन्हात खडखडीत वाळवायचं, मग नऊ किलो गव्हात एक किलो. पोळीला किंचित वास येतो, आठवड्यात सवय होते. मायला पटलं, बाबांनाही पटलं. चक्कीवाल्या भाऊला अजून पटलेलं नाही. दळणाचा डबा दिसला की ओरडतो, "तुह्या सोयाबीननं माह्ये दगड चिकटते ना बे!" म्हणून आमचं दळण तो सगळ्यात शेवटी लावतो, आणि मी तोवर बाहेर फुटाणे खात बसतो.